दोन लाखांत मण्यांची आयात : सोलापूरच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एक ताई घरी आरी वर्क करतात, मण्यांचे दागिनेही विणतात. हाताशी दोन लाख रुपये आहेत. जपान आणि चीनमधून मणी थेट मागवून विकायचा विचार आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्यात: लायसन्स काय लागतं, कस्टम किती बसतं, इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक मिळेल का, आणि नवी पेठेत गाळा घ्यावा का.

ताई, मी सोलापुरातच मणी विकते, ठोकही आणि किरकोळही. लायसन्स आणि कस्टम ऐकायला अवघड वाटतं, पण तो रस्ता ठरलेला आहे. एजंट असतो, बँक असते, कागद दिले आणि पैसे भरले की काम होतं. या धंद्यातून बाहेर पडलेल्या ज्या बायका मला माहीत आहेत, त्यांना कस्टमनं नाही, रंगांनी बाहेर काढलं. एका साइजचे साठ रंग मागवले की त्यातले बारा-पंधरा पळतात, बाकीचे कपाटातून आपल्या तोंडाकडे बघत बसतात. दोन लाखांतले सव्वा लाख असे कपाटात झोपले की पुढच्या ऑर्डरला पैसाच उरत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी वेगळा करून विचारते: कोणता मणी, कोणत्या बाईला, वर्षातून किती वेळा विकणार? हे सांगता येत असेल तर खुशाल आयात करा. येत नसेल तर आधी ते शोधा, त्याला वीस-पंचवीस हजार पुरतात.

आपल्या गावात मण्यांची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. पहिली मग्गमवाली, म्हणजे चौकटीवर कापड ताणून ब्लाउजवर आरी वर्क करणारी. पूर्वभागात, अशोक चौक, दत्तनगर, विणकर वसाहत या बाजूला तेलुगू घरात लग्न निघालं की मग्गमचा ब्लाउज आलाच, आणि आता मराठी आणि कन्नड घरांतही तो लागतोच. या बायकांना कटदाणा, नळी, शुगर मणी, मोती असा माल लागतो. तो त्या हँकवर, म्हणजे ओवलेल्या सरींच्या झुबक्यावर, नाहीतर पाव किलोवर घेतात. भाव त्यांना तोंडपाठ असतो, कारण हैदराबादच्या बेगम बाजारातून कोणाची ना कोणाची खेप चालूच असते. तुमची स्पर्धा मधल्या मारुतीजवळच्या कटलरीवाल्यांशी जेवढी आहे, त्याहून जास्त हैदराबादच्या गाडीशी आहे.

दुसरी म्हणजे दागिने विणणारी. लूमवर पट्टी विणणाऱ्या, सुईनं एकेक मणी जोडून कानातली करणाऱ्या. यांना मणी एकसारखा हवा. शंभरात दोन जाड निघाले की पट्टीची कड वाकडी होते. त्यांच्यासाठीच जपानी मणी. सोलापुरात अशा बायका मोजक्याच आहेत, पण त्या पुण्यात, नाशकात, बेळगावात, कुठंही असतात आणि पार्सलनं माल घेतात. दर ग्रॅमला त्या जे पैसे देतील ते मग्गमवाली कधीच देणार नाही, आणि तिनं का द्यावेत? ब्लाउजच्या बाहीवर दाट भरलेल्या कामात मण्यातला केसभर फरक दिसतही नाही.

दोन लाखांत या दोघींचा माल एकदम भरायला गेलात तर दोन्हीकडे अर्धवट राहाल. कोणती बाजू धरायची हे तुमच्या ओळखीवर आहे. आज तुमच्याकडे ब्लाउज शिवून नेणाऱ्या बायका जास्त येत असतील तर मग्गमची बाजू धरा. दागिन्यांची ऑर्डर बाहेरगावाहून येत असेल तर दुसरी. मला तुमची वही दिसत नाही, त्यामुळे हे तुम्हीच ठरवायचं.

आता मालाबद्दल. काचेच्या बारीक मण्यात नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, आठ नंबर त्याहून मोठा, पंधरा नंबर अगदी बारीक. जपानी मालात मियुकी आणि तोहो ही दोन नावं पुढं, दोघांचं मूळ हिरोशिमा प्रांतातलं. मियुकीचा डेलिका नावाचा नळीसारखा मणी असतो, भिंत पातळ आणि भोक मोठं. ग्रॅमला साधारण २०० बसतात, तर गोल अकरा नंबरचे ११०च्या आसपास. वजनावर विकणाऱ्यानं हा हिशेब डोक्यात ठेवायचा. गिऱ्हाईक विचारतं, ‘ताई, दहा ग्रॅममध्ये एक ब्रेसलेट होईल का?’ आणि उत्तर तिथल्या तिथं देता आलं पाहिजे. चेक माल म्हणजे याब्लोनेत्सच्या भागातला. तो बहुधा हँकवर येतो, बारा सरींचा झुबका. आकार जपान्यांइतका नेमका नसतो, पण सरीत ओवलेला असल्यानं भरतकामवाल्यांना सोयीचा. चिनी माल ४५० ग्रॅमच्या पिशव्यांत येतो. तो स्वस्त असतो, पण पिशवीगणिक वेगळा.

रंगाच्या नावावर जाऊ नका, रंग कसा चढवलाय ते विचारा. काचेतच रंग असेल तर तो कुठं जात नाही. वरून रंगवलेला मणी उन्हानं आणि साबणानं उडतो. सोनेरी-रुपेरी मुलामा घामानं आणि अत्तरानं झिजतो. विक्रेता हे सहसा आपणहून सांगत नाही, म्हणून नमुना आला की मी तीन गोष्टी करते. एक चिमूट मणी पांढऱ्या सुती कपड्यात बांधून गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवते. दुसरी चिमूट नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवते. तिसरी गच्चीवर उन्हात, अर्धे मणी झाकून आणि अर्धे उघडे. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हापुढं कच्चा रंग पंधरवडाही टिकत नाही. गुलबक्षी आणि जांभळ्यावर विशेष नजर ठेवा, सगळ्यात जास्त तेच फसवतात.

मग्गमच्या मालाला आणखी दोन परीक्षा. एक इस्त्रीची. ब्लाउज तयार झाला की शिंपी उलट्या बाजूनं का होईना, इस्त्री फिरवतोच. काचेच्या नावाखाली प्लॅस्टिकचे कटदाणे आले असतील तर तिथंच बसतात, आणि बोलणी शिंप्याला नाही, तुम्हाला बसतात. दुसरी भोकाची. आरीच्या सुईवर मणी सहज चढला पाहिजे. कटदाण्याच्या भोकाची कड धारदार असेल तर दोरा कापला जातो. एका दोऱ्यात मणी ओवून दोरा ताणून मागंपुढं घासा, कापला तर ती पिशवी ठेवू नका. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही ते. मग्गमच्या मालासाठी पहिल्या वर्षी आयात करूच नका. काचेचे मणी आपल्या देशातही होतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला आणि वाराणसीला हे काम जुनं आहे. चिनी माल मुंबईत आणि दिल्लीच्या सदर बाजारात आयातदारांकडे तयार पडलेला असतो. तिथं किलोला थोडे जास्त पडतात, पण पाच किलोऐवजी अर्धा किलो घेता येतो आणि न खपलेला रंग पुढच्या वेळी घेतला नाही म्हणून कोणी रुसत नाही. एक लग्नसराई अशी काढा. वहीत फक्त एवढंच लिहा: रंग, साइज, कोणी नेला, पुन्हा कधी मागितला. ‘पुन्हा’च्या रकान्यात जे रंग वारंवार येतील, तीच तुमची आयातीची यादी.

जपानी मालाचं थोडं वेगळं. तो इथं कमी ठिकाणी मिळतो आणि महाग मिळतो, म्हणून छोट्या आयातीला तिथं अर्थ आहे. तेव्हा कागदपत्रांकडे वळू.

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, साइटवर पॅनवर निघतो, फी ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, काही बदललं नसेल तरी. विसरलात तर कोड बंद पडतो आणि नेमका तेव्हाच माल विमानतळावर येऊन बसतो. बँकेत चालू खातं लागेल, आणि परकीय चलनाचं काम करणारी शाखा कोणती ते आधी विचारून घ्या, प्रत्येक शाखा ते करत नाही. बाहेर पैसे पाठवल्यावर माल आल्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडची आयातीची नोंद, बँकेकडे जुळवून घ्यावी लागते. ती न जुळलेली नोंद बँकेच्या यंत्रणेत लोंबकळत राहिली की पुढचं पेमेंट अडतं.

जीएसटी नोंदणी नियमित घ्या, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, जाऊ नका. आयातीवर आयजीएसटी भरावा लागतो आणि कंपोझिशनवाल्याला त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे तो सगळा खर्चात जातो. शिवाय कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर विक्री करता येत नाही, आणि तुमचं दागिनेवालं गिऱ्हाईक तर बेळगाव-हैदराबादलाही असणार.

काचेचे मणी एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या कोडच्या, ७०१८ खाली येतात. धातूचे ८३०८ मध्ये, प्लॅस्टिकचे ३९२६ मध्ये. एकाच पार्सलमध्ये तिन्ही भरले आणि बिलावर नुसतं ‘बीड्स’ लिहिलं तर प्रश्न येणारच. विक्रेत्याकडून बिल ओळीओळीनं घ्या: कशाचा मणी, किती ग्रॅम, काय भाव.

दर बजेटगणिक बदलतात, त्यामुळे ऑर्डरच्या दिवशी एजंटला विचारा. मी हिशेबाची रीत दाखवते, टक्के समजुतीचे धरलेत. समजा ६ किलो जपानी मणी, सरासरी १० रुपये ग्रॅम, म्हणजे माल ६०,००० चा. विमानाचं भाडं १२,०००. विमा वेगळा काढला नसेल तर कस्टम मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतं, म्हणजे ६७५. कस्टमच्या लेखी किंमत झाली ७२,६७५. त्यावर १० टक्के मूळ ड्युटी धरली तर ७,२६७ आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७२७. या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी १८ टक्के धरला तर साधारण १४,५२०. क्लिअरिंगचे ३,००० धरू. खिशातून जातात साडेसत्त्याण्णव हजार. आयजीएसटीची वजावट धरली तर मालाचा खरा खर्च सुमारे ८३,०००, म्हणजे ग्रॅमला जवळपास १४ रुपये.

बिलावरचे १० रुपये घरी येईपर्यंत १४ झाले. दहा ग्रॅमचं पाकीट तुम्हाला १४० ला पडलं. डबी, लेबल, तुमचे हात आणि न खपणारे रंग धरून ते २१०-२२० ला विकलं गेलं पाहिजे. ते विकत घेणाऱ्या बायका कोण, हे नावानिशी सांगता येत नसेल तर ऑर्डर देऊ नका. आणि ते साडेचौदा हजार आयजीएसटीचे परत मिळतात असं आपण म्हणतो खरं, पण ते विक्रीच्या जीएसटीत वळते होईपर्यंत अडकलेलेच असतात. दोन लाखांच्या धंद्यात ही रक्कम लहान नाही.

जपानशी आपला व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून आहे, त्यात ड्युटीची सवलत मिळू शकते. पण त्यासाठी तिकडून मूळ देशाचं प्रमाणपत्र यावं लागतं आणि २०२० पासून आयातदारानंही मालाच्या उगमाची माहिती स्वतःजवळ ठेवायची आहे. सहा किलोच्या पार्सलसाठी विक्रेता ते प्रमाणपत्र काढून देईल का, हे पैसे पाठवण्याआधी विचारा.

‘गिफ्ट लिहून पाठवतो, ड्युटी लागणार नाही’ असं सांगणारा विक्रेता भेटेलच. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तू म्हणून अशी आयात बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. किंमत कमी दाखवण्याचंही तेच. माल अडकतो, दंड बसतो आणि विक्रेता तिकडे सुखात असतो.

माल आला की पाकिटं उघडताना व्हिडिओ काढा आणि प्रत्येक पिशवी वजन करा. तुमचा काटा वजनमापे खात्याकडून शिक्का मारलेला हवा. तुम्ही फोडून छोटी पाकिटं करणार, तर दहा ग्रॅमहून जास्त वजनाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर छापावा लागतो, आणि पॅकर-आयातदार म्हणून नोंदणीही करावी लागते. मूळ पिशवीवरचा रंगाचा कोड आणि लॉट नंबरही छोट्या पाकिटावर उतरवा. एकच कोड दोन लॉटमध्ये किंचित वेगळा येतो. अर्धा हार विणून झालेल्या बाईला दुसऱ्या लॉटचं पाकीट दिलंत तर ती परत येत नाही.

एक सावधगिरी. मुलांसाठी मण्यांचे खेळ-संच बाहेरून मागवायचा मोह होतो, सुट्टीत खपतातही. पण चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे. त्या फंदात आत्ता पडू नका.

वेळापत्रकाचं सांगते. चिनी नववर्षाच्या आसपास, जानेवारी-फेब्रुवारीत, तिकडचे कारखाने बंद असतात, म्हणजे ऑर्डर डिसेंबरच्या आधी नाहीतर मार्चनंतर. राख्या करणाऱ्या बायका जूनमध्येच मणी शोधायला लागतात, त्यांचा माल एप्रिलला सांगितलेला हवा. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, तिचा माल दसऱ्याआधी घरात हवा.

आता जाहिरात. इन्स्टाग्राम करा, पण पहिला खर्च रंगाच्या कार्डावर करा. पांढऱ्या आणि काळ्या कापडाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचे पाच-सहा मणी टाचायचे, शेजारी कोड लिहायचा, पाठीमागं तुमचा व्हॉट्सॲप नंबर. अशी वीस कार्डं करून वीस मग्गमवाल्यांना आणि शिंप्यांना हातात द्या. कारण काय ते एकदा दत्तनगरला जाऊन बघा. काम करणारी बाई फोनवरच्या फोटोकडे बघत नाही. ती गिऱ्हाइकाचं ब्लाउजपीस घेऊन खिडकीशी जाते, मण्यांची सर त्यावर टाकते, कापड तिरकं करून उजेडात बघते आणि मग मान हलवते. फोनवर रामा दिसलेला मणी हातात मोरपंखी निघतो. पारदर्शक मणी मरून कापडावर काळपट पडतो. कार्ड तिच्या घरात असलं की ती रात्री दहाला सुद्धा ‘सतरा नंबर, दोन हँक’ एवढाच मेसेज टाकते. मला सगळ्यात जास्त ऑर्डर आणून देणारी जाहिरात हीच.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये माल कोडसकट टाका, संपला की लगेच काढा. मराठीबरोबर तेलुगूतही दोन ओळी लिहा. स्वतःला येत नसेल तर शेजारच्या पोरीकडून लिहून घ्या, सोलापुरात त्याची काय कमी! गूगलवर धंद्याची नोंद मोफत होते, त्यात ‘मग्गम वर्क साहित्य’, ‘आरी वर्क मणी’ हे शब्द घाला.

इन्स्टाग्राम दागिनेवाल्या गिऱ्हाइकासाठी. तिथं गाणी-नाच नको. एक रंग, दिवसाच्या उजेडात, बोटावर, शेजारी आकार समजायला एक रुपयाचं नाणं, आणि त्याच रंगाची विणलेली दोन इंच पट्टी. उन्हातल्या परीक्षेचे झाकलेले आणि उघडे मणी शेजारीशेजारी दाखवा, अगदी तुमच्याच मालातला एखादा रंग फिका पडला असेल तरी. ‘हा रंग ब्लाउजला घेऊ नका, तोरणाला चालेल’ असं सांगणाऱ्या दुकानदारावर बायका पुढचे दहा रंग न बघता घेतात. पैसे देऊन जाहिरात चालवायची घाई नको. आधी वीस-तीस बायका दुसऱ्यांदा मागवू देत.

शिकवणी हाही प्रचारच आहे. मे महिन्यात चार दिवसांचा वर्ग, फीमध्ये मण्यांचं पाकीट धरलेलं. शिकलेली बाई पुढचा माल शिकवणारीकडूनच घेते. गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल घ्यावा का असं लोक विचारतात. होम मैदानावर गर्दी तुफान असते, पण ती तयार दागिन्यांची गर्दी आहे, सुटे मणी घेणारी नाही. तयार माल ठेवणार असाल तर जा.

उधारीचं मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. मग्गमवालीला तिचं गिऱ्हाईक ब्लाउज नेताना पैसे देतं, म्हणून ती तुम्हाला तेव्हा देणार, यात तिची काही चूक नाही. मी पहिली खेप रोख आणि नंतर एका ब्लाउजच्या मालापुरती उधारी ठेवते. आधीची मिटल्याशिवाय पुढची नाही. यात नातं, शेजार काही आणत नाही.

राहिला गाळ्याचा प्रश्न. नवी पेठेत गाळा घेतला तर भाडं आणि डिपॉझिटमध्येच तुमचे दोन लाख हलके होतील, आणि रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक दहा रुपयांचे मोती मागत येईल. घरातली एक खोली, उत्तरेची खिडकी, झाकणाच्या डब्यांचं एक कपाट आणि काटा एवढ्यावर सुरू करा. मग्गमवाल्या घरी यायला लाजत नाहीत, उलट दुपारी काम आटोपून निवांत बसून रंग बघतात. महिन्याची विक्री गाळ्याच्या भाड्याच्या दहापट व्हायला लागली की मग मधल्या मारुतीपासून गाळे बघायला सुरुवात करा.